छापखाना गहाण टाकला, पण फिल्म काढली!

दरवर्षी डिसेंबरचा पहिला आठवडा आला की विहाराविहारांतून आणि आता प्रत्येकाच्या मोबाईलवर एक जुने काळे-पांढरे चित्रण फिरू लागते. फुलांनी झाकलेला ट्रक, त्यावर बाबासाहेबांचे पार्थिव आणि दुतर्फा न संपणारा जनसागर. ते पाहताना आपले डोळे भरून येतात. पण हे चित्रण कोणी केले, कशाच्या जोरावर केले, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजण विचारतात?

त्या माणसाचे नाव नामदेवराव व्हटकर. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीहून ती बातमी आली. पार्थिव विमानाने मुंबईला येणार आणि ७ डिसेंबरला अंत्ययात्रा निघणार, असे ठरले. मुंबई ही चित्रपटधंद्याची राजधानी. स्टुडिओ होते, कॅमेरे होते, पैसाही होता. पण या कामासाठी घरची दौलत पणाला लावण्याची पाळी आली ती आपल्यातल्याच एका लेखकावर. व्हटकरांनी आपला छापखाना गहाण टाकला, पैसा उभा केला, कॅमेरा मिळवला आणि अंत्ययात्रा फिल्मवर उतरवली. त्याच दिवशी दादरच्या चौपाटीवर भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखावर लोकांना धम्मदीक्षा दिली. दुःखाच्या त्या दिवशीही हा समाज पुढचे पाऊल टाकत होता. व्हटकरांनी पैशाअभावी हात टेकले असते, तर आज आपल्या नातवंडांना तो दिवस दाखवायला आपल्याकडे काय उरले असते?

ही आठवण आम्ही आज काढत आहोत, त्याला कारण आहे. गेल्या दोन वर्षांत आम्ही आणि आमच्यासोबतच्या पाच-सहा तरुण कार्यकर्त्यांनी मिळून पंचवीस मिनिटांचा एक माहितीपट केला. विषय होता नामांतराच्या काळात जळालेल्या मराठवाड्यातील एका वस्तीचा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी आपली घरे पेटली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणजे तब्बल साडेपंधरा वर्षांनी! त्या वेळी विशीत असलेली माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांनी जे पाहिले ते त्यांच्यासोबत मातीत जाऊ द्यायचे काय, एवढाच आमचा सवाल होता. पंचवीस मिनिटांचे काम, दोन महिन्यांत उरकू, असे वाटले होते. दोन वर्षे लागली. का लागली, ते वाचकांसमोर प्रामाणिकपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. कारण उद्या तुमच्यापैकी कोणी हे काम हाती घेतले तर हेच दगड तुमच्याही वाटेत येणार आहेत.

पहिला दगड आपल्याच घरातला निघाला. देणगीसाठी आम्ही तीन गटांच्या तीन नेत्यांकडे गेलो. तिघांनीही पाठ थोपटली आणि तिघांनीही एकच अट घातली, फिल्ममध्ये आम्ही दिसलो पाहिजे. एकाने तर दुसऱ्याचा चेहरा दिसला तर दमडी मिळणार नाही, असे तोंडावर सुनावले. मनुवाद्यांच्या नावाने आपण रोज खडे फोडतो. पण ज्या बाईचे घर जळाले तिच्यापेक्षा स्वतःचा फोटो मोठा मानणाऱ्यांना काय म्हणायचे? आम्ही ठरवले की यात एकही नेता बोलणार नाही. ज्यांनी सोसले तेच बोलतील. मोठी देणगी गेली. मग शंभर-शंभर रुपयांच्या पावत्या फाडल्या. रिक्षावाले, नर्सभगिनी, पालिकेचे सफाई कामगार, वसतिगृहातील विद्यार्थी यांनी ती फिल्म उभी केली. म्हणूनच ती कोणा एकाची झाली नाही.

दुसरा दगड भीतीचा. एका आजीने सगळे सांगितले होते. धान्याची कणगी कशी पेटली, लेकरांना घेऊन भर पावसात ओढ्याकाठी रात्र कशी काढली, सारे. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा हात जोडून आला. म्हणाला, ‘दादा, तुमचं शूटिंग होईल आन् तुम्ही जाल. आमाला हितंच ऱ्हायचंय. ज्याच्या रानात कामाला जातो, त्याच्याच घरच्यांचं नाव आईनं घेतलंय.’ आमच्यातील एक तरुण चिडला. पण चूक त्या मुलाची नव्हती. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही गावात बोलायची भीती वाटते, हीच खरी बातमी होती. आम्ही चेहरा न दाखवता फक्त तिचे हात दाखवले आणि ज्यांचे नाव घेतल्याने घरावर संकट येईल ती नावे गाळली. तयार झालेले चित्रण आधी तिला आणि तिच्या मुलाला दाखवले, मगच पुढे गेलो. साक्षीदाराचा जीव धोक्यात घालून केलेली फिल्म ही चळवळ नव्हे, ती चोरी आहे.

तिसरा घाव मात्र आमच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा. सहा दिवसांचे चित्रण आम्ही एकाच जुन्या हार्ड डिस्कवर ठेवले होते. दुसरी डिस्क घेण्याचे पैसे वाचवले. ती डिस्क एस.टी.मध्ये पिशवीतून पडली आणि बंद पडली. दुरुस्तीवाल्याने खटपट करून थोडे परत मिळवून दिले, बाकीचे गेले. त्यात नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले एक बाबा होते. पुन्हा चित्रीकरण करू म्हणून आम्ही तारीख ठरवली. त्याआधीच ते वारले. त्यांचा आवाज आम्ही गमावला, ही सल आमच्या मनातून जाणार नाही. पुढे शेजारच्या एका पोराने त्या दिवशी गंमत म्हणून स्वतःच्या मोबाईलवर घेतलेली तीन मिनिटे सापडली. आवाजात पिठाच्या गिरणीची घरघर आहे, चित्र हलते. तीच तीन मिनिटे आम्ही जशीच्या तशी घेतली. फिल्ममधील सगळ्यात मोलाची मिनिटे तीच आहेत.

शेवटी दाखवायची वेळ आली तर आदल्या दिवशी सभागृहवाल्याने नकार कळवला. ‘वरून फोन आला’, एवढेच कारण. मग विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली, वस्तीतल्या बँडवाल्याने स्पीकर फुकट दिला आणि दीडशे माणसांनी मांडी घालून फिल्म पाहिली. ती आजीही आली होती. पडद्यावर हात दिसले तेव्हा ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, ‘ते माझेच हात हायेत.’ जिचा चेहरा आम्ही लपवला होता, तिनेच स्वतःची ओळख दिली. तिचा मुलगा शेजारी बसला होता. तो उठून गेला नाही.

आमच्या अडचणी मोठ्या नाहीत, हे आम्ही जाणतो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ मध्ये चार शहरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारी-शेजारी दाखवणारा एक छोटासा माहितीपट केला, तर सेन्सॉरशी झगडत त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घालून दहा माणसे मारली. त्या दुःखात लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी कॅमेरा उचलला आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला चौदा वर्षे गेली. २०१५ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी खाणे आणि जात यांवर ‘कास्ट ऑन द मेनू कार्ड’ हा छोटा माहितीपट केला, तर दिल्लीतील महोत्सवात तो दाखवण्याची सूट केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने नाकारली. २०१७ मध्ये तामिळनाडूत दिव्या भारती यांनी हाताने मैला साफ करणाऱ्यांवर ‘कक्कूस’ केला. प्रदर्शने अडवली गेली, धमक्या आल्या, जुन्या प्रकरणात अटकही झाली. त्यांनी फिल्म इंटरनेटवर खुली केली आणि ती लोकांपर्यंत पोहोचली.

यातून काय दिसते? अडवणूक नेहमी त्याच ठिकाणी होते, जिथे शोषिताच्या तोंडून शोषणाची हकीकत बाहेर पडते. ही रीत नवी नाही. १९२० मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार झाला नव्हता. बाबासाहेब जाहिरातीसाठी रडत बसले नाहीत. त्यांनी पत्र चालवले. ते बंद पडले तर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले. तेही बंद पडले तर १९३० मध्ये ‘जनता’ काढले. बंद पडणे हा पराभव नसतो, पुन्हा न काढणे हा पराभव असतो, हे त्यांनी कृतीने शिकवले.

आज आपल्याकडे गहाण टाकायला छापखाना नसेल, पण प्रत्येक घरात कॅमेरा असलेला मोबाईल आहे. त्यावर आपण काय टिपतो? मिरवणुकीतला डीजे आणि नेत्यांचे वाढदिवस! म्हणून आमचे आवाहन साधे आहे. प्रत्येक विहाराने आपल्या भागातील पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांची यादी या महिन्यात करावी. आठवड्याला एकाचे बोलणे टिपावे. पंखा बंद करावा, मोबाईल बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा, त्याला मध्येच तोडू नये. त्याची लेखी संमती घ्यावी. चित्रणाच्या तीन प्रती कराव्यात आणि एक तरी दुसऱ्या गावात ठेवावी. जयंतीच्या वर्गणीतील काही भाग यासाठी बाजूला काढला, तर एकाही नेत्याच्या दारात जावे लागणार नाही.

अंत्ययात्रेच्या दिवशी व्हटकरांनी अनुदानाची वाट पाहिली नाही. वाट पाहायला वेळच नव्हता. आपल्याकडेही तो नाही. आमचे ते बाबा दोन महिने थांबू शकले नाहीत. तुमच्या वस्तीतील बाबा आणि आजी किती थांबतील?