जाळलेला कचरा, उरलेली माती

युनियन कार्बाइडचा 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये जाळण्यासाठी भोपाळहून इंदूरजवळच्या पीथमपूरला आला आणि सुदामा नगरपासून थेट राजवाड्यापर्यंत अवघ्या इंदूरला धसका बसला. तो साहजिकच होता. जूनअखेर कचरा जळून संपला. चुना मिसळावा लागल्याने राख मात्र मूळ कचऱ्याहून कितीतरी जास्त उरली. पण खरा प्रश्न भोपाळमध्येच पडून आहे. नीरी आणि एनजीआरआय या संस्थांच्या 2010 च्या अंदाजानुसार तिथली दूषित माती 11 लाख टन आहे, म्हणजे त्या कचऱ्याच्या तीन हजार पटींहून अधिक. ती ट्रकांत भरून कुठे नेणार? तिचा उपाय जागेवरच शोधावा लागेल.

जुलै 2025 च्या केंद्रीय नियमांनी दूषित जागांसाठी चौकट दिली, जमिनीच्या वापरानुसार मर्यादाही ठरवल्या. कारखान्याच्या जमिनीला शेतीइतकी कडक मर्यादा लावली तर खर्च परवडणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण भूजल सातबाऱ्यावरची नोंद पाहून वाहत नाही, आणि आजच्या कारखान्याच्या जागी उद्या वसाहत उभी राहते. म्हणून मर्यादा ठरवताना मातीत खेळणारे मूल आणि शेजारच्या बोअरिंगचे पाणी हाच मापदंड हवा. सफाई टप्प्याटप्प्याने व्हावी, पण शेवटची तारीख आदेशातच लिहिलेली असावी आणि तपासणीचे आकडे वस्तीतल्या लोकांना दरवर्षी मिळावेत.