शिक्षा झाली, भरपाईचे काय?

गुन्हेगार गजाआड गेला की न्याय पुरा झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ज्या घरातील कर्ता पुरुष मारला गेला, त्या घराच्या हाती मात्र निकालपत्रापलीकडे सहसा काही पडत नाही.

१९७४ मध्ये कॅनडातील एल्मायरा गावी दोन तरुणांनी २२ ठिकाणी नासधूस केली. तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना नुकसानग्रस्तांच्या दारी जाऊन भरपाई ठरविण्यास लावले. आपणाकडे औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत उभारली. कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करू लागले. विश्वासाने माणूस सुधारतो, हे त्या प्रयोगाने दाखविले. परंतु पीडिताचा प्रश्न त्याने सुटला नाही.

कैद्यांच्या मजुरीतील काही भाग पीडितांसाठी राखावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सुचविले. मात्र मूळ मजुरीच तुटपुंजी असेल, तर तिच्यातून निघणारी भरपाई नाममात्रच राहणार. तेव्हा प्रथम मजुरीचे दर वाढविले पाहिजेत. त्यायोगे पीडितास आधार मिळेल आणि कैद्याच्या निरपराध बायकामुलांसही हातभार लागेल.

पीडिताची इच्छा असल्यास जाणत्या मध्यस्थासमक्ष उभयतांची भेटही घडवावी. इच्छा नसल्यास आग्रह नको. लादलेली क्षमा ही पीडितालाच दिलेली शिक्षा होय. कैद्याने केवळ दिवस मोजावेत, की आपण कोणाचे काय हिरावले हे जाणून त्याची फेड करावी? तुरुंगाच्या सुधारणेचा विचार या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे.