इतिहास शेपटीकडून वाचा : सी हॉक, सी हॅरिअर आणि एका दुभागलेल्या नळीची कैफियत

जेट विमानांचा इतिहास आपल्याकडे नाकाकडून सांगितला जातो. इंजिन कोणी शोधले, वेग किती होता, वैमानिक कोण होता, शत्रूची किती विमाने पडली. शेपटीकडे, म्हणजे जळलेला वायू जिथून बाहेर पडतो त्या टोकाकडे, सहसा कोणी फिरकत नाही. हा क्रम चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या चुकीपायी भारतीय नौदलाच्या दोन विमानांमधले सख्खे नाते आपल्या नजरेतून निसटले आहे.

समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारे विधान असे: १९८३ साली सी हॉक निवृत्त झाले, सी हॅरिअर आले आणि नौदल एका युगातून दुसऱ्या युगात गेले, जुन्याचा नव्याशी काडीचा संबंध नाही. त्याला जोडून दुसरे विधान येते की हॅरिअर हे एका फ्रेंच प्रतिभावंताच्या डोक्यातून निघाले. पहिले विधान चूक आहे आणि दुसरे अर्धवट. दोन्हींचे उत्तर एकाच जागी आहे. ती जागा म्हणजे जेट पाइप.

मूळ अडचण साधी आहे. इंजिन पंखाखाली टांगले, तर गरम झोत मागे मोकळ्या हवेत जातो आणि फारसे कोणाचे बिघडत नाही. तेच इंजिन विमानाच्या धडात बसवले की सहाशे-सातशे अंश तापमानाचा वायू इंधनाच्या टाक्या, तारा, सांगाडा आणि शेपूट या सगळ्यांमधून वाट काढत बाहेर न्यावा लागतो. नळी लांब केली तर वजन वाढते आणि वाटेत जोर वाया जातो. आखूड केली तर झोत विमानाच्याच अंगावर येतो. पहिल्या पिढीच्या प्रत्येक रचनाकाराने या पेचाला आपापले उत्तर दिले. त्या उत्तरांतूनच विमानांना त्यांची रूपे मिळाली.

सोव्हिएत याक-१५ पाहा. २४ एप्रिल १९४६ रोजी ते प्रथम उडाले. पिस्टन इंजिनाच्या याक-३ चे नाक कापून तिथे जर्मन धर्तीचे जेट इंजिन बसवले होते आणि झोत पोटाखालून मागे जात होता. त्यामुळे पोटाला पोलादी पत्रा लावावा लागला. शेपटीखालचे चाकही पूर्ण धातूचे करावे लागले, कारण रबर टिकलेच नसते. एका चाकाचा माल कोणता असावा हेसुद्धा झोताने ठरवले!

ब्रिटनमध्ये सुपरमरीनने ‘अटॅकर’ विमानात रोल्स-रॉइसचे ‘नीन’ इंजिन बसवून सरळ मार्ग धरला. धडाच्या मध्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच लांब नळी. हेच नीन इंजिन हॉकर कंपनीच्या सिडनी कॅम यांच्या हाती आले, तेव्हा त्यांनी वेगळा विचार केला. नळी शेपटीपर्यंत न्यायचीच कशाला? इंजिनाच्या मागे लगेच तिला लेंग्याच्या दोन पायांसारखे दुभागावे आणि पंख धडाला जिथे मिळतात, तिथे दोन्ही बाजूंनी तोंडे काढावीत. पी.१०४० हा नमुना २ सप्टेंबर १९४७ रोजी उडाला. त्याचाच पुढे सी हॉक झाला.

या निर्णयाचे फायदे मोजून घ्यावेत. नळी आखूड झाल्याने जोर कमी वाया गेला. धडाचा मागचा भाग रिकामा झाला आणि तिथे इंधनाची टाकी मावली. इंधन इंजिनाच्या पुढेही आणि मागेही ठेवता आल्याने ते संपत जाताना विमानाचा तोल ढळेना. समुद्रावर दूर जाऊन परतणाऱ्या लहान विमानाला याहून मोठे वरदान कोणते? किंमतही होती: दोन्ही झोत धडाला घासून जाणार, म्हणून तिथल्या पत्र्याला उष्णतेपासून जपणे आले.

आता हॅरिअरकडे येऊ. मिशेल विबो या फ्रेंच रचनाकाराची मूळ कल्पना अशी होती: एका इंजिनाच्या जोरावर विमानाच्या दोन्ही बाजूंना चार ब्लोअर फिरवायचे आणि त्यांच्या हवेची दिशा बदलून विमान सरळ वर उचलायचे. कल्पना धाडसी होती, पण यंत्रणा अवजड होती. ब्रिस्टल कंपनीत स्टॅन्ली हुकर यांच्या हाताखाली काम करणाऱ्या गॉर्डन लुईस यांनी ती सुटसुटीत केली. चार ब्लोअर काढून त्यांनी इंजिनाच्या पुढे एकच फॅन ठेवला आणि त्याची थंड हवा दोन फिरत्या तोट्यांतून बाहेर सोडली. गरम वायू मात्र नेहमीसारखा सरळ मागे जात राहिला.

इथे ‘प्रतिभावंताची कथा’ थांबते आणि खरी अडचण सुरू होते. जोराचा जवळजवळ निम्मा वाटा असलेला गरम झोत मागे तोंड करून असेल, तर तो विमान उचलायला काय कामाचा? केवळ पुढच्या दोन तोट्यांवर विमान तोलता येत नाही. दोन पायांच्या टेबलासारखी ती गत.

हॉकरच्या राल्फ हूपर यांनी १९५७ च्या सुमारास ही गाठ सोडवली. गरम झोतही दुभागायचा आणि त्याच्याही दोन फिरत्या तोट्या करायच्या. हे सुचण्यासाठी त्यांना फ्रान्सला जावे लागले नाही. सी हॉकचा दुभागलेला जेट पाइप त्यांच्याच कंपनीने दहा वर्षांपूर्वी उडवून दाखवला होता. दोन थंड तोट्या पुढे, दोन गरम तोट्या मागे, आणि गुरुत्वमध्य त्या चौघींच्या मधोमध. २१ ऑक्टोबर १९६० रोजी डन्सफोल्ड येथे पी.११२७ दोरांनी जखडलेल्या अवस्थेत जमिनीवरून उचलले गेले. वैमानिक बिल बेडफर्ड यांचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. हा तपशील सगळे सांगतात. नळीचा तपशील मात्र क्वचितच कोणी सांगतो.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे: फॅन पुढेच का, मागे का नाही? प्रश्न रास्त आहे, कारण मागे फॅन असलेली इंजिने त्या काळी अस्तित्वात होती. ब्रिटनच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीने दुसरे महायुद्ध चालू असतानाच आपल्या जेट इंजिनाच्या मागे फॅन जोडून एफ.३ हे इंजिन तयार करून चालवले होते. १९५० च्या दशकाअखेरीस जनरल इलेक्ट्रिकने तीच वाट धरून सीजे८०५-२३ बनवले. त्यातील प्रत्येक पाते म्हणजे एक विलक्षण वस्तू होती. आतला अर्धा भाग टर्बाइनचा, तो तप्त वायूत फिरणार. बाहेरचा अर्धा भाग फॅनचा, तो थंड हवेत फिरणार. मधल्या कड्याच्या एका बाजूला भट्टी आणि दुसऱ्या बाजूला आभाळ!

या रचनेची हेटाळणी करण्याची आता फॅशन झाली आहे. मला ती अन्यायाची वाटते. हाताशी असलेल्या इंजिनाला फारसा धक्का न लावता त्याचा जोर वाढवण्याचा तो शहाणपणाचा मार्ग होता. कन्व्हेअर ९९० हे प्रवासी विमान व्यापारात बुडाले आणि अवघी ३७ विमाने बनली, हे खरे. पण याच घराण्यातले धाकटे सीएफ७०० इंजिन फाल्कन २० या विमानात उत्तम चालले आणि नासाच्या चांद्र अवतरणाचा सराव देणाऱ्या यंत्रालाही त्यानेच उचलून धरले. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कन्व्हेअरवर हे इंजिन पंखाखाली होते, फाल्कनवर शेपटीच्या दोन बाजूंना बाहेर, आणि सरावयंत्रावर उघड्या सांगाड्यात उभे. धडाच्या आत ते कुठेच नाही.

कारण पुन्हा झोताचेच आहे. मागच्या फॅनसाठी थंड हवा इंजिनाच्या सभोवतीने थेट शेपटीपर्यंत आणावी लागते. तिथे गरम वायूभोवती थंड हवेचे कडे तयार होते. धडाच्या आत हे दोन प्रवाह एकमेकांपासून सोडवून चार वेगळ्या दिशांना वळवणे म्हणजे भाकरीतून मीठ वेगळे काढणे. फॅन पुढे असला की थंड हवा भट्टीत शिरण्यापूर्वीच बाजूला काढता येते आणि उरलेला गरम वायू मागे स्वतंत्रपणे दुभागता येतो. म्हणून पुढचा फॅन ‘आधुनिक’ आणि मागचा ‘मागासलेला’ अशी ही गोष्ट नाही. कोणत्या विमानात गरम वायू कुठून न्यायचा आहे, त्यावर फॅनची जागा ठरली.

सी हॉककडून मिळालेला हा वारसा फुकटचा नव्हता. हॅरिअरच्या मागच्या तोट्यांशेजारी धडाला उष्णतारोधक पत्रा लावावाच लागला. जमिनीजवळ तरंगताना झोत जमिनीवर आपटून उसळतो आणि तोच गरम वायू पुन्हा इंजिनाच्या तोंडात शिरला की जोर घटतो. पुढच्या थंड झोतांनी आणि पोटाखालच्या पट्ट्यांनी त्याला आवर घालावा लागला. चार तोट्यांचे इंजिन धडात असे रुतून बसले की ते बदलायचे झाल्यास आधी पंख उचलून बाजूला ठेवावा लागे. विमानवाहू नौकेच्या हँगरमध्ये हे काम करणाऱ्या तंत्रज्ञांवर एखादा धागा कोणी लिहील काय?

ध्वनीहून वेगवान हॅरिअरचा मार्गही याच ठिकाणी अडखळला. पी.११५४ या योजनेत पुढच्या थंड तोट्यांतही इंधन जाळायचे होते. जोर वाढला असता, पण चारही झोत तप्त झाल्यावर धावपट्टीचे, डेकचे आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचे काय? ती योजना १९६५ मध्ये रद्द झाली ती मुख्यतः खर्चाच्या आणि राजकारणाच्या कारणाने, पण हा प्रश्न तिच्या मानगुटीवर होताच. चार दशकांनी अमेरिकेत बोइंगच्या एक्स-३२ ने गरम झोतावरच तरंगण्याचा प्रयत्न केला आणि उसळत्या वायूने त्याला छळले. प्रतिस्पर्धी एक्स-३५ ने पुढे दांड्यावर फिरणारा फॅन ठेवून थंड हवेचा आधार घेतला. २००१ मध्ये त्याचीच निवड झाली.

आता आपल्या घरी. नौदलाचे ३०० क्रमांकाचे ‘व्हाइट टायगर्स’ पथक १९६० मध्ये सी हॉक विमानांनिशी उभे राहिले. १९७१ च्या डिसेंबरमध्ये या विमानांनी विक्रांतवरून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता. जहाजाचा वेग मर्यादित, म्हणून डेकवरचा समोरचा वाराही कमी. तरीही वाफेच्या कॅटापल्टवरून सी हॉक उडत राहिले. १९८३ मध्ये याच पथकाने सी हॅरिअर स्वीकारले. पथक तेच, तळ तोच दाबोळीचा, आणि विमानाच्या पोटातली दुभागलेली नळीही त्याच कुळातली. फरक एवढाच की आता तिची तोंडे फिरत होती.

त्या फिरत्या तोंडांनी जहाजाचेही रूप पालटले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील दुरुस्तीत विक्रांतचे कॅटापल्ट काढले गेले आणि पुढे चढण असलेला स्की-जंप बसला. जे काम पूर्वी वाफ करत असे, ते विमानाचा झोत करू लागला. इंजिनाच्या नळीची दिशा बदलली म्हणून हजारो टनांच्या युद्धनौकेचे नाक वर उचलले गेले, हे ज्या इतिहासात येत नाही तो इतिहास मला अपुरा वाटतो.

‘माणसाऐवजी नळीला नायक करता काय?’ असे कोणी विचारील. नाही. विबो, लुईस, हूपर, कॅम या सगळ्यांचे श्रेय अबाधित आहे. माझा वाद ‘पहिला कोण’ या एकाच प्रश्नावर इतिहास संपवण्याच्या सवयीशी आहे. आपल्याकडे विमानविद्येची चर्चा शिवकर बापूजी तळपदे यांच्या चौपाटीवरील कथित उड्डाणापाशी सुरू होते, आणि भक्कम समकालीन पुरावा नसतानाही बहुधा तिथेच घुटमळते. ज्या यंत्रांचा पुरावा डोळ्यांसमोर, हाताला लागेल असा उभा आहे, त्यांच्याकडे पाठ. मोडी कागदाचा एक तुकडा नष्ट झाला तर आपण हळहळतो, आणि ते योग्यच आहे. पण यंत्रही इतिहासाचे साधन आहे. २०१४ मध्ये विक्रांत भंगारात निघाली, तेव्हा शोक झाला तो शौर्याच्या स्मारकाचा. वाफेच्या युगातून झोताच्या युगात जाताना तिच्या डेकवर झालेली दुरुस्ती हाही एक दस्तऐवज होता, हे बोलणारे फार थोडे.

सुदैवाने दोन्ही विमाने गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमानन संग्रहालयात पाहता येतात. तिथे गेलात तर नाकासमोर उभे राहून छायाचित्र जरूर काढा. मग सी हॉकच्या पंखामागे जाऊन धडाच्या दोन्ही बाजूंची ती तोंडे पाहा. त्यानंतर सी हॅरिअरच्या मागच्या दोन तोट्या आणि त्यांच्या मागचा उष्णतारोधक पत्रा पाहा. दोन्हींची छायाचित्रे बाजूनेच घ्या, समोरून घेतलीत तर त्यात यातले काहीच दिसणार नाही.