परिक्रमेतला घोटा

बदनावरच्या माळव्यातून धार जिल्हा विंध्य उतरून नर्मदेपर्यंत जातो. तिथे उत्तर तटावर, धरमपुरीच्या बाजूने, परिक्रमेला निघालेली मराठी मंडळीही भेटतात. घोटा मुरगळला की नियम आडवा येतो: पैलतीरी दवाखाना दिसला तरी नदी ओलांडायची नाही. पाय बहुधा आत वळतो आणि बाहेरचा अस्थिबंध ताणला जातो. मग कुणीतरी तेल चोळायला बसतं. माया खरी, पण ताज्या सुजेला चोळणं नको. गार पाण्याची घडी, बेताची आवळ पट्टी आणि उंच ठेवलेला पाय बरा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेली कसोटी खेड्यातही चालते: चार पावलं टाकता आली नाहीत किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखलं, तर एक्स-रे काढायचा. नाहीतर धर्मशाळेत मुक्काम वाढवायचा. चातुर्मासात परिक्रमा एरवीही थांबतेच.