हरभऱ्यातला सापळा कोठीतला भुंगा धरत नाही

जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला कामगंध सापळा नवा नाही. हरभऱ्यात एकरी दोन सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर. सलग दोन-तीन दिवस सापळ्यामागे आठ-दहा पतंग आले, की घाटेअळीच्या बंदोबस्ताला लागायचं. हे बरोबरच आहे. पण तोच सापळा मार्चनंतर कोठीत टांगला तर? एकही भुंगा अडकणार नाही.

त्या सापळ्यातल्या ल्यूरमध्ये घाटेअळीच्या मादी पतंगाचा गंध कारखान्यात बनवून भरलेला असतो. त्यावर येतो तो त्याच जातीचा नर. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीची ल्यूर वेगळी, ती याच कारणाने. कडधान्याच्या भुंग्याची मादीही नराला गंधाने बोलावते आणि शास्त्रज्ञांनी तो गंध ओळखून प्रयोगशाळेत तयारही केला आहे; पण तो घाटेअळीच्या गंधाहून वेगळा. म्हणून दुकानदार ‘सगळ्या किडींना चालते’ म्हणाला, तरी पाकिटावर किडीचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि योग्य ल्यूर मिळाली, तरी ती मुख्यतः खबर देते. नर अडकले म्हणून दाण्याला चिकटलेली अंडी कुठे जात नाहीत.

खबर मिळवायला गंधच हवा असंही नाही. कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाने भोकं पाडलेल्या नळीचा सापळा काढला आहे. तो धान्यात खुपसून ठेवायचा. भुंग्याला भटकायची खोड. भोकातून आत पडला की वर येता येत नाही. आठवड्याला नळी पाहा.

मुळात भुंगा पुष्कळदा शेतातूनच घरी येतो. मादी तुरीच्या वाळत्या शेंगांवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो. तेव्हा पक्व पीक शेतात रेंगाळू देऊ नका. आपल्याकडचं ऊन फुकट आहे, ते वापरा; दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा. कोठी झाडून, जुना दाणा काढून मगच नवा भरा. खायच्या दाण्याला किलोमागे पाच मिली गोडंतेल चोळलं तर अंडी जगत नाहीत. ज्याची डाळच करायची, ती लवकर करून घ्या. भुंग्याला अख्खा दाणा लागतो. उरलेला दाणा घट्ट झाकणाच्या पिंपात काठोकाठ भरा.

सल्फासच्या गोळ्या मात्र राहत्या घरात नकोत. त्यांचा वायू भुंग्याइतकाच माणसालाही मारतो.