विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण फिरस्त्या माणसाला उद्देशून मोठ्या हौसेने वापरतो. पण विंचवाकडे मात्र नीट पाहत नाही. पाहण्याइतका वेळ तो देत नाही आणि आपणही थांबत नाही! प्राणिशास्त्राचे माझे एक सहकारी सांगतात की, विंचवाची पिले जन्मताच आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकीपर्यंत तेथेच राहतात. त्यानंतर ती खाली उतरून आपापल्या वाटेने जातात. म्हणजे हे बिऱ्हाड कायमचे पाठीवर नसतेच. ते चढवायचे, काही दिवस वाहायचे आणि सुखरूप उतरवायचे असते.

हे सारे मनात आले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. खालापूर तालुक्यात त्याची शेती आहे आणि माल वाहायला एक पिकअप आहे. आठवडाभर त्या गाडीत भाजी जाते. रविवारी तीच गाडी रिकामी उभी राहते, हे काही त्याला पाहवेना. म्हणून त्याने हौद्यात बसेल अशी एक खोली करायला घेतली. आत निजायला दोन बाक, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि खिडकीला पडदे. खोलीला चार कोपऱ्यांवर उंच होणारे चार पाय. खोली पायांवर उभी असली की गाडी मागे घेत तिच्याखाली न्यायची, पाय आखडायचे की बिऱ्हाड पाठीवर! परत आल्यावर पाय टेकवायचे, गाडी बाहेर काढायची, आणि सोमवारी पुन्हा वांगी आणि दुधी. परदेशात अशा उतरत्या खोल्या पुष्कळ आहेत. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण ती बहुतेक चाकांवरच बांधलेली घरे. हे प्रकरण निराळे.

“सर, याला मराठीत एक छानसे नाव द्या,” एवढेच त्याचे माझ्याकडे काम होते. मी ‘उतरते बिऱ्हाड’ असे नाव दिले. त्याच्या पत्नीला ते आवडले. त्याच्या आईने मात्र नावाकडे लक्ष न देता विचारले, “पण हे घाटात ठरेल का रे?”

वाचकहो, सगळा विषय त्या माउलीच्या एका प्रश्नात आला. त्याचे उत्तर मराठीच्या प्राध्यापकाजवळ नव्हते, म्हणून आम्ही खोपोलीच्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पडद्यांचे कौतुक केले आणि विचारले, “काट्यावर घेतलीत का गाडी?”

घेतली नव्हती. मिस्त्रींचा हिशेब साधा होता. गाडीच्या कागदावर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. समजा, पहिले १७०० किलो आणि दुसरे ३००० किलो. तर पाठीवर घेता येईल ते १३०० किलो. पण त्यात केवळ खोली नव्हे, सगळेच आले. चालकाशेजारी बसणारी माणसेही आली. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरगुती गॅसमध्ये १४.२ किलो वायू, पण भरलेली टाकी जवळजवळ ३० किलोंची. गाद्या, भांडी, बॅटरी, आजीचा डबा हे सगळे मोजायचे. म्हणून बिऱ्हाड पूर्ण भरून, माणसांसकट गाडी काट्यावर न्यायची. आणि पुढची चाके व मागची चाके निरनिराळी तोलून घ्यायची, कारण प्रत्येक आसाची मर्यादा वेगळी असते.

“पाटे वाढवून घेतो की!” विद्यार्थी म्हणाला. मिस्त्री हसले. पाटा वाढवला म्हणजे गाडीची पाठ वाकत नाही, एवढेच. आस तोच, टायर तेच, ब्रेकही तेच. कागदावरचा आकडा काही पाट्याने वाढत नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये दंड आहे. वर जादा टनामागे २,००० रुपये. काही कापायचे, जोडायचे असेल तर आधी आर.टी.ओ.मध्ये विचारावे, मग वेल्डिंगवाल्याकडे जावे. आपण नेमके उलटे करतो.

वजनानंतर जागा. पाण्याची टाकी मागच्या दाराशी ठेवली होती. धुणीभांडी बाहेर करायला सोयीची म्हणून. मिस्त्रींनी ती पुढे घ्यायला लावली. मागच्या आसाच्या पलीकडे ओझे गेले की तराजूसारखे पुढचे तोंड उचलते. पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही. जड वस्तू खाली, आसाच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना सारख्या. हे शास्त्र कर्जत तालुक्याला नवे नाही. माथेरानला मोटारी दस्तुरीपाशी थांबतात आणि पुढे घोड्यांच्या पाठीवरून सामान जाते. तिथला घोडेवाला एका बाजूला ओझे लावले की दुसरीकडे त्याच्या तोलाचे लावल्याशिवाय लगामाला हात लावीत नाही.

मग बांधणे. हौद्याच्या बाजूचा पत्रा म्हणजे आधार नव्हे. जोराचा धक्का बसला की कडी पत्र्यासकट उचकटून येते. चारी कोपऱ्यांचे पट्टे खालच्या चासीला धरलेल्या आंकड्यांत अडकवायचे आणि खोलीखाली जाड रबरी चटई घालायची, म्हणजे ती सरकत नाही. दहापंधरा किलोमीटर गेल्यावर उतरून पट्टे पुन्हा आवळायचे. कारण हादऱ्यांनी खोली बसते आणि घट्ट वाटलेला पट्टा सैल होतो. टायरवर भाराचा आकडा असतो, तो पाहायचा. शेवटच्या चार आकड्यांत टायरचे वयही असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हवा टायर थंड असताना भरायची. खोली बसवल्यावरची उंची मोजून चालकासमोर लिहून ठेवायची. रेल्वेच्या फाटकाअलीकडची आडवी दांडी कोणाची भीड धरीत नाही. आणि खोली उतरवताना पायांखाली फळ्या घालायच्या. आपल्याकडची पावसाळी माती वरून कठीण दिसते आणि आतून लोण्यासारखी असते.

आता घाट. चढताना गाडीची परीक्षा होते, उतरताना चालकाची. खोपोली ते लोणावळा चढ सुमारे ५५० मीटरांचा. ३००० किलोंची गाडी तेवढी खाली आली म्हणजे जी शक्ती मोकळी होते, तिच्यावर पन्नास लिटर पाणी उकळीला येईल. तिच्यातली थोडी वाऱ्यात जाते. पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर बाकीची जवळजवळ सारी उष्णता ब्रेकच्या माथी येते. लायनर तापतात, पाय दाबत राहतो आणि गाडी ऐकत नाही. म्हणून उतरण सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. इंजिनाने गाडी आवरायची आणि ब्रेक राखून ठेवायचा.

शेजारच्या आगगाडीने हा धडा केव्हाच घेतला आहे. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर ३७ फुटांत १ फूट असा चढ आहे. कर्जतला गाडीमागे जादा इंजिने लागतात आणि तेवढ्यात आपण वडा खातो, ते सर्वांच्या लक्षात असते. पण उतरताना गाड्या घाटात मध्येच थांबवून ब्रेकची खात्री करून घेतात, हे वडा खाणाऱ्यांच्या गावी नसते. ताबा सुटलेल्या गाडीसाठी बाजूला चढावर नेणारे रूळही तिथे टाकले आहेत.

शेवटी मुलांचा प्रश्न निघाला. खिडकीला पडदे लावलेली खोली असताना धाकटी दोघे पुढे दाटीवाटीने कशाला बसतील? “आम्ही मागे झोपून येऊ,” असे त्यांनी केव्हाच ठरवून टाकले होते. इथे मिस्त्री प्रथमच आवाज चढवून बोलले. चालत्या गाडीत ती खोली घर नाही, माल आहे. आणि मालात माणूस बसत नाही. आत पट्टा नाही, पुढे हाक पोचत नाही, आणि बांधलेले काही सुटले तर पहिला मार आतल्यांनाच. पुढे जेवढ्या जागा कागदावर आहेत तेवढीच माणसे गाडीत. उरलेल्यांनी आगगाडीने यावे. पंढरीच्या वाटेवरच्या दिंड्या हेच करतात : राहुट्या, भांडी, वळकट्या ट्रकमधून पुढे जातात आणि माणसे मागून पायी येतात. बिऱ्हाड आणि बिऱ्हाडकरू एकाच वाहनात असलेच पाहिजेत, असे थोडेच आहे!

जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट या धनगराने दाखवली, अशी कथा सांगतात. जाता-येता चालक तिथे नाणे टाकतात. आपणही टाकावे, वाट दाखवणाऱ्याचे ऋण मानण्यात काही कमीपणा नाही. मात्र नाणे टाकायला गाडी हळू केलीच आहे, तर पुढे सुरक्षित जागा पाहून ती बाजूला घ्यावी, खाली उतरावे आणि चारी पट्ट्यांवरून एकदा हात फिरवावा. शिंगरोबाने वाट दाखवली. पट्टे आवळायचे काम त्याने आपल्याकडेच ठेवले आहे.