दरपत्रक कुठे लावलंय?

रात्री उशिरा पेशंट दाखल करताना काउंटरवर प्रश्न ठरलेले असतात. इन्शुरन्स आहे का? आधार कार्ड आणलंय का? डिपॉझिट किती भरताय? नातेवाइकालाही तिथे काही प्रश्न विचारता यावेत, अशी तरतूद महाराष्ट्रात आहे. पण ते प्रश्न कोणते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

आपल्याकडची खासगी रुग्णालये 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली चालतात. त्या कायद्याचे नियम जानेवारी 2021 मध्ये बदलले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, खाटेच्या भाड्यापासून ऑक्सिजनपर्यंत ठरावीक सेवांचे दर लोकांना दिसतील असे मांडायचे, बिल थकले म्हणून मृतदेह अडवायचा नाही, आणि तक्रारीसाठी स्थानिक पातळीवर निवारण कक्ष हवा, असे त्यात आले. ही राजपत्रात छापलेली तरतूद आहे. तरीही चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, ‘असं काहीतरी ऐकलंय, पण आपल्याकडे लागू आहे का ते माहीत नाही.’

हा दोष मी लोकांच्या माथी मारणार नाही. या विषयात इतके कायदे, योजना आणि परिपत्रके एकमेकांत मिसळली आहेत की सरकारी कर्मचाऱ्याचाही गोंधळ व्हावा. महात्मा फुले जनआरोग्य योजना घ्या. 2024 पासून ती सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली आणि विमा संरक्षण 5 लाखांवर गेले. लोकांनी त्याचा अर्थ लावला, ‘आता 5 लाखांपर्यंत सगळं फुकट.’ प्रत्यक्षात योजना तिच्याशी जोडलेल्या, म्हणजे अंगीकृत रुग्णालयांतच चालते, तीही यादीतल्या उपचारांसाठी. अंगीकृत रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राचे टेबल असते. पण रुग्णालय अंगीकृत आहे की नाही, हे माणसाला बऱ्याचदा डिपॉझिट भरून झाल्यावर कळते. धर्मादाय रुग्णालयांचा हिशेब आणखी वेगळा. तिथे 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, ही योजना उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिली. आपण शिरतो आहोत ते रुग्णालय धर्मादाय आहे का, हे विचारायचे भान त्या घाईत कुणाला राहणार?

सगळ्यात मोठा गैरसमज दरांचा आहे. 2021 च्या नियमांनी दर ‘दाखवायला’ सांगितले, ‘ठरवून’ दिले नाहीत. खाटेचे भाडे किती आकारायचे, हे आजही रुग्णालयच ठरवते. लोकांना वाटते, सरकारने काहीतरी मर्यादा घातलीच असेल. ती नाही.

मर्यादा घातल्यावर काय होते, हे आपण पाहिलेले आहे. मे 2020 मध्ये कोविडच्या काळात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. दिवसाला साध्या वॉर्डसाठी 4,000, अतिदक्षता विभागासाठी 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. हे तीन आकडे कित्येकांना पाठ झाले होते. बिल हातात आल्यावर लोक बोट ठेवून विचारत, ‘हे 9,000 च्या वर कसं गेलं?’ महापालिकांचे लेखापरीक्षक बिले तपासत, कमी करायला लावत. सगळीकडे नीट चालले, असे मी म्हणत नाही. जादा आकारणी झाली, भांडणे झाली. पण सामान्य माणसाला आपला हक्क नेमका किती रुपयांचा आहे, हे त्या काळात माहीत होते. साथ ओसरली, आदेश संपले, आणि लोक पुन्हा आधीच्याच अंधारात गेले.

कायमस्वरूपी कायद्याची संधी त्याआधीही आली होती. केंद्राने 2010 मध्ये वैद्यकीय आस्थापना कायदा केला. तो स्वीकारायचा की नाही, हे बहुतेक राज्यांवर सोडले होते. महाराष्ट्राने तो घेतला नाही. आपला स्वतंत्र कायदा करू म्हणून समित्या झाल्या, मसुदे झाले, विधिमंडळात कायदा मात्र झाला नाही. डॉक्टरांचा विरोध त्यामागे होता, आणि त्या विरोधातला सगळाच भाग मला स्वार्थाचा वाटत नाही. तालुक्याच्या गावी दहा खाटांचे नर्सिंग होम चालवणाऱ्या दांपत्याला इन्स्पेक्टरची भीती खरी आहे.

राजस्थानात ती भीती रस्त्यावर आली. मार्च 2023 मध्ये तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्काचे विधेयक मंजूर केले. तातडीच्या रुग्णावर आगाऊ पैसे न घेता उपचार करायचे, ही त्यातली मुख्य गोष्ट. खासगी डॉक्टरांनी विचारले, तातडीचा रुग्ण म्हणजे कोणता आणि आमचे पैसे कोण देणार? उत्तर नियमांत येईल, असे सांगितले गेले. दवाखाने बंद पडले, रुग्णांचे हाल झाले, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड होऊन पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये कक्षेबाहेर ठेवायचे ठरले. कायदा आधी आणि तपशील मागाहून, ही पद्धत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही घाबरवते, आणि त्या भीतीवर अफवा पोसतात.

महाराष्ट्रात कायदा करताना हे टाळता येईल, आणि कायदा का हवा, हे पुण्यात दिसले. एप्रिल 2025 मध्ये तिथल्या एका महिलेच्या मृत्यूनंतर, गरोदर असताना तिच्याकडे मोठी अनामत मागितल्याचा आरोप झाला, राज्यभर संताप उसळला. तेव्हा चौकशा झाल्या, आदेश निघाले. पण प्रत्येक मृत्यूनंतर एक परिपत्रक, ही काही आरोग्यव्यवस्था नव्हे. योजना सरकारी निर्णयाने येते आणि तशीच बदलते. कायद्याने दिलेला हक्क काढून घ्यायला विधिमंडळात उभे राहावे लागते. म्हणून आपल्याला कायदा हवा. त्यात तातडीच्या उपचाराची व्याख्या हवी, त्याचे पैसे सरकार किती दिवसांत देणार ते हवे, आणि लहान नर्सिंग होमसाठी वेगळी, सोपी तरतूद हवी. मसुदा मराठीत, सोप्या भाषेत आधी लोकांसमोर यावा.

तोवर आहे ते वापरू या. पुढच्या वेळी कुणाला दाखल कराल तेव्हा पैसे भरण्याआधी दरपत्रक मागा, रुग्णहक्कांची सनद कुठे लावली आहे ते विचारा, महात्मा फुले योजनेबद्दल 155388 वर फोन करा. फलक नसेल तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आणि आपल्या आमदाराला एवढेच विचारा, आरोग्य कायद्याचा मसुदा कधी मांडणार?